तेरा नंबरची गल्ली

साहेब, यिंगताईची बोटं मंदावली, असं तुम्ही तिच्या बदलीच्या कागदावर लिहिलंत. तिच्या टेबलाशी एकदाही न येता लिहिलंत. खाली सही ठोकलीत, शिक्का मारलात आणि जेवायला गेलात.

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. तैनानच्या जुन्या संगणक-बाजारात माझा दुरुस्तीचा गाळा आहे. शाळा मी अर्ध्यावर सोडली, कोड लिहायला इथेच शिकलो. पांढऱ्या काठीने दार ठोकत ती म्हणाली, "को, स्टूल रिकामं आहे, की त्यावर पुन्हा कोणाचं यंत्र फाडून ठेवलंयस?"

"बस गं ताई. नुसता पंखा आहे, उचलतो."

ती शहराच्या मदतकेंद्रात, तुमच्याच हाताखाली, फोनवर बसते. कानाला फोन आणि बोटांखाली ब्रेलची पट्टी. पडद्यावरची ओळ या पट्टीवर बारीक खिळ्यांनी वर येते आणि बोटं ती वाचतात. त्याआधी ती मालिश करायची. अंगठ्यांचे सांधे गेले तेव्हा कुठे त्यातून सुटली. आणि तुम्ही तिला फोनवरून उठवून पुन्हा मालिशच्याच खोलीत, तुमचे खांदे दाबायला पाठवायला निघालात.

कारण काय, तर गांधीलमाश्यांचं एक पोळं. ते होतं तेरा नंबरच्या गल्लीत. यिंगताईने पोळं काढणाऱ्या पथकाला पत्ता वाचून दाखवला, अकरा नंबरची गल्ली. तिथे रस्त्यात टेबलं मांडून लग्नाची पंगत बसली होती. तोंडाला जाळ्या लावलेली माणसं थेट नवरीपुढे जाऊन उभी राहिली.

"पडद्यावर तेरा होतं, असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "माझ्या बोटांखाली अकराच आलं रे. नवा संगणक आल्यापासून हे चाललंय. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच्यावर खाऊचं पाकीटही ठेवलं, शहाण्यासारखा वागावा म्हणून."

"हिरवंच ठेवलं ना? पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं."

"रंग मला काय विचारतोस? चव खोबऱ्याची होती."

"खाल्लंस?"

"मग? भूक लागली होती."

हसलो, आणि तिने बरोबर आणलेली पट्टी माझ्या नव्या संगणकाला जोडली. तिने बोटं ठेवली. कपाळाला आठी पडली.

"खिळे उभे राहतायत तोवरच पुढचे येतात. धक्काबुक्की चाललीय नुसती. दुसरा ठिपका वर येतच नाही."

ब्रेलमध्ये तीनचा आकडा दोन ठिपक्यांचा, एकचा एकाच ठिपक्याचा. तीनमधला दुसरा ठिपका अडला की उरतो एक. तेराचे अकरा झाले ते असे.

पट्टी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, पण तिच्या ड्रायव्हरचा कोड नेटवर खुला आहे. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि पट्टी यांच्यामधला दुभाषा. त्याने ओळीचा एक तुकडा पाठवायचा, खिळे उभे राहीपर्यंत थांबायचं, मग पुढचा पाठवायचा. हा दुभाषा थांबायचा कसा, तर मनातल्या मनात आकडे मोजून. जुन्या संगणकावर मोजणी सावकाश व्हायची, तेवढ्यात खिळे उभे राहायचे. तुमच्या नव्या संगणकाने तेच आकडे भराभरा मोजून टाकले. म्हणजे मंद काहीच झालं नव्हतं. तुम्ही आणलेलं यंत्र चपळ होतं, आणि ते आणताना पट्टीचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही.

आकडे मोजणं मी काढून टाकलं आणि दुभाष्याला घड्याळ बघून थांबायला लावलं. दुसऱ्या दिवशी फानबाईंनी, म्हणजे तिच्या गटाच्या प्रमुखांनी, मला केंद्रात आत घेतलं. तुमच्या परवानगीशिवाय. त्याबद्दल त्यांना काही बोलाल तर याद राखा.

पहिला फोन आला. यिंगताई पत्ता बिनचूक वाचत होती, पण तिचा चेहरा पडला.

"को, खिळे ठीक आहेत, पण माणूस तुटतोय. आजोबांचं अर्धंच बोलणं ऐकू येतंय."

फानबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा हं. संध्याकाळी मला बदलीचा कागद वर पाठवायचाय."

मी कोड पुन्हा वरपासून वाचला. मग लक्षात आलं. माझा दुभाषा थांबत होता खरा, पण घड्याळाकडे टक लावून. तेवढा वेळ संगणकाला तो दुसरं काही करूच देत नव्हता, फोनचा आवाजही नाही. मी त्याला झोपायला शिकवलं. तुकडा पाठव, आडवा हो, घड्याळ उठवेल तेव्हा पुढचा पाठव. तोवर आवाजाला वाट मोकळी.

"उठायला उशीर झाला तर?" फानबाईंनी विचारलं.

"थोडा उशीर बोटांना चालतो बाई," यिंगताईच म्हणाली. "घाई चालत नाही."

दुपारभर फानबाई तिच्याशेजारी पडदा बघत बसल्या. गटारं, भटकी कुत्री, विझलेले दिवे. प्रत्येक गल्ली बरोबर, प्रत्येक आवाज अखंड. शेवटी त्यांनी बदलीचा कागद दुमडून पर्समध्ये टाकला. "वर विचारलं तर सांगेन, हरवला."

"बाई, पर्स नीट बंद करा," यिंगताई म्हणाली आणि पुढचा फोन घेतला. "नमस्कार, बोला आजी, मी ऐकतेय."

तिची खुर्ची वाचली. पण हेच संगणक आता खालच्या मजल्यावर येणार आहेत, आणि तिथे लो नावाचे गृहस्थ अशाच पट्टीवर बोटांनी वाचतात. माझा ड्रायव्हर फुकट घ्या, मला त्याचे पैसे नकोत. मला उत्तर हवंय. संगणक बसवण्याआधी लो यांना त्याच्यापुढे बसवून, पट्टी नीट वाचता येते का, हे विचारणार आहात का? हो की नाही?