जागा धरणारी बॅग

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. बॅग आहे मी. तपकिरी रेक्झिनची, दोन बंदांची, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेली. तिशी कधीच ओलांडलीय मी, आणि आमच्यात एवढं कोणी जगत नाही. शाळेत मी गेले नाही, शाळेची दप्तरं तेवढी लांबून पाहिली. त्यामुळं बोलणं माझं असंच, आडवंतिडवं. सांभाळून घ्या.

जन्म सांगलीचा. श्रीकांत नावाचा एक बॅगा शिवणारा होता. मोठा तिरसट माणूस, पण हात सोन्याचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, दुहेरी शिलाई कशाला? एकेरी चालेल की." तो मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "एकेरी पाहिजे तर पिशवी घ्या. ही बॅग आहे." त्या दुहेरी शिलाईवर मी आजवर टिकलेय.

मला घेतलं बाळासाहेबांनी. इस्लामपूरच्या दूध संघात फिटर होते ते. कपडे ठेवायला घेतलं, पण माझं खरं काम निघालं वेगळंच. मी जागा धरायची.

तुमच्यातल्या बारक्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. एसटी स्टँडात शिरली रे शिरली की बाळासाहेब तिच्या बाजूनं पळत सुटायचे आणि खिडकीतून मला आत भिरकावायचे. मी ज्या सीटवर पडले ती सीट त्यांची. कुठं लिहिलेला कायदा नाही, पण मला उचलून बाजूला ठेवायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक जाड्या मिशीवाला माझ्यापाशी येऊन ओरडला, "ही बॅग कुणाची?"

दारातल्या रेटारेटीतून बाळासाहेब म्हणाले, "बसलेल्या माणसाची!"

"माणूस कुठाय?"

"येतोय की! बॅग आली म्हणजे अर्धा माणूस आलाच!"

सगळी गाडी हसली. मिशीवालासुद्धा हसला आणि मागं जाऊन उभा राहिला. बाळासाहेबांच्या मंडळी जयंतीबाई पहिलटकरीण म्हणून माहेरी निघाल्या, तेव्हाही मीच खिडकीची जागा धरली होती. "ही नसती तर मिरजेपर्यंत उभी गेले असते," असं त्या शेजारणीला सांगायच्या. पुढं त्यांची पोरगी अस्मिता पुण्याला कॉलेजात गेली, तेव्हाही गाडीत आधी मी गेले, मग ती.

मग सीटला नंबर आले. मोबाईलवर जागा मिळायला लागली आणि माझा धंदा बसला. मला कपाटावर टाकलं. आत जुने स्वेटर, वर धूळ. सात वर्षं. एक दिवस अचानक खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि मी थेट विमानात. दोघं लेकीकडं निघाले होते.

अस्मिता आता नेदरलँड्समध्ये कॉम्प्युटरची नोकरी करते. बाडहूव्हडॉर्प म्हणून विमानतळाच्या कडेला गाव आहे, तिथं राहते. डोक्यावरून दिवसभर विमानं. तिची पोरगी आर्या नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र भलत्याच भाषेत. आजोबा विचारायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "यस, आजोबा, लाँग टाइम अगो." आजोबा जयंतीबाईंकडं बघायचे. जयंतीबाई म्हणायच्या, "जेवलीय. कवाच."

महिनाभर मी पलंगाखाली मजेत होते. मग एका संध्याकाळी अस्मितानं चाकांची एक चकचकीत बॅग आणली आणि म्हणाली, "आप्पा, जाताना ही न्या. ती जुनी इथंच टाकू. समोर कचऱ्याचा कंटेनर आहे."

बाळासाहेब नुसतं "हं" म्हणाले.

मित्रांनो, त्या "हं"नं माझा जीव टांगणीला लागला. तो "हं" हो होता की नाही? तीस वर्षं मी या माणसाचा हात ओळखते, पण तो "हं" काही मला उलगडेना. शनिवारी त्यांचं परतीचं विमान. कंटेनर खिडकीतूनच दिसायचा. मला पलंगाखालीसुद्धा स्वस्थता नव्हती.

मंगळवारी सगळे ॲमस्टरडॅम बघायला निघाले. अस्मिता म्हणाली, "आप्पा, पाठीवरची सॅक घ्या ना." पण बाळासाहेबांनी मलाच उचललं. माझ्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, एक स्वेटर आणि जयंतीबाईंच्या गुडघ्याला लावायचं बॅटरीचं मशीन. ते बटण दाबलं की थरथरतं. मी मनाशी म्हणलं, आज काहीतरी काम करून दाखवायचं. उपयोगी वस्तू कोण टाकतंय?

शहर म्हणाल तर काय सांगू! रस्त्याच्या जागी पाणी. पाण्याकडेला उंच, चिंचोळी घरं, काही पुढं वाकलेली, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक लोखंडी हुक. अस्मिता सांगत होती, "जिने अरुंद आहेत ना, म्हणून सामान दोरीनं वर ओढतात." सामानासाठी घराच्या कपाळावर हुक! असल्या गावात बॅगेला मान असणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून टिंगटिंगटिंग. सायकलवाली बाई काहीतरी ओरडून गेली.

"आप्पा, सायकलच्या रस्त्यावरून बाजूला व्हा!"

"अगं, मग माणसांचा रस्ता कुठाय?"

"हा काय, हातभर."

"सायकलीला हायवे आणि माणसाला पायवाट!" बाळासाहेब म्हणाले. "उलटंच गाव आहे."

असं करत आम्ही स्टेशनसमोरच्या धक्क्यावर पोचलो. तिथून कालव्यात फिरवणारी होडी सुटते. जयंतीबाईंना या होडीचं फार वेड होतं. त्यांनी इस्लामपुरात तिचे फोटो पाहिले होते, आणि इथं आल्यापासून रोज विचारत होत्या, "होडीत खिडकी मिळेल ना?" गुडघ्यामुळं त्यांना उभं राहवत नव्हतं. अस्मिता म्हणाली, "साडेअकराची आहे. मी आणि आर्या तिकिटं घेऊन येतो. तुम्ही दोघं इथंच थांबा. कुठंही जाऊ नका."

कठड्यापाशी आमचा पहिला नंबर. पण दहा मिनिटांत जयंतीबाई कुजबुजल्या, "अहो, मला जाऊन यायचंय."

"आत्ता?"

"मग काय विचारून येतं का ते?"

बाळासाहेबांनी मागं पाहिलं. रांग वाढत चाललेली. मग त्यांनी तीस वर्षं जे केलं तेच केलं. मला कठड्याला टेकवून ठेवलं, माझ्यावर स्वतःचा पांढरा रुमाल पसरला आणि मागच्या गोऱ्या माणसाला बोट दाखवून म्हणाले, "सीट. फाइव्ह मिनिट." तो माणूस फोनवर होता. त्यानं उगाच मान हलवली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांनी काम मिळालं होतं. मी फुगून बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तो फोनवाला माणूस रांग सोडून निघून गेला. मागच्या बाईनं मला पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली. मी वाट बघत होते की आता कोणीतरी विचारेल, "ही बॅग कुणाची?" विचारलंही, पण त्यांच्या भाषेत, आणि कुणी हसलं नाही. बोलणारा होडीवाला होता. त्यानं पायाच्या टोकानं मला जरासं ढकललं. झालं! आतल्या मशीनचं बटण दाबलं गेलं.

घुर्रर्र. घुर्रर्र. घुर्रर्र.

माणसं अशी पांगली की बघायला नको. धक्का रिकामा झाला. साडेअकराची होडी कुणालाच न घेता दूर नेऊन उभी केली. दोन पोलीस आले, एक बाई आणि एक बुवा. त्यांनी लाल-पांढरी पट्टी बांधली. आणि मधोमध मी, डोक्यावर रुमाल, एकटीच थरथरतेय. माझं आयुष्य लोकांच्या गर्दीत गेलं. माझ्यापासून पळणारी गर्दी मी पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात पट्टीपलीकडं ओळखीचे पाय दिसले. बाळासाहेब जयंतीबाईंना धरून येत होते. अस्मिता आणि आर्याही धावत पोचल्या.

"आप्पा, हे काय? ती आपली बॅग आहे?"

"मग! जागा धरलीय." बाळासाहेब इकडंतिकडं बघायला लागले. "पण रांग कुठं गेली?"

आर्या म्हणाली, "आजोबा, दे आर गोइंग टू एक्सप्लोड इट. दॅट मॅन सेड सो."

"काय म्हणतीय?"

"उडवणार म्हणतीय बॅग," जयंतीबाई म्हणाल्या.

अस्मितानं बापाचा दंड घट्ट धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आप्पा, गप्प राहा. चला इथून. आपली नाही ती. माझा नागरिकत्वाचा अर्ज आहे खेमेंटेत, इथल्या म्युनिसिपालटीत. नाव गेलं पोलिसांत तर? एक जुनी बॅग आहे, जाऊ दे."

मित्रांनो, सगळा धक्का चिडीचूप होता, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. बाळासाहेबांनी लेकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. लेकीचा अर्ज एकीकडं आणि मी एकीकडं. खरं सांगते, मीसुद्धा म्हणलं, जा बाबा. लेक मोठी.

पण त्यांनी पट्टीपलीकडच्या माणसांकडं पाहिलं. एक बाई लेकराला छातीशी धरून रडत होती. बाळासाहेबांनी अस्मिताचा हात हळूच सोडवला. "अगं, माणसं घाबरलीत," ते म्हणाले, आणि पट्टीखालून आत शिरले.

पोलीसबाई ओरडली. बाळासाहेबांनी दोन्ही हात वर केले.

"माय बॅग! सॉरी! माय बॅग, मॅडम!"

त्यांना तिथंच थांबवलं. आत काय आहे ते विचारलं. अस्मिताला पुढं यावंच लागलं. रडकुंडीला येऊन ती एकेक वस्तू तिकडच्या भाषेत सांगत होती, आणि दशमीला शब्द सापडेना. मग पोलिसांनी आपल्या हातानं मला तपासलं, सगळं नीट पाहिलं आणि शेवटी बाळासाहेबांना म्हणाले, बंद करा ते मशीन. बाळासाहेबांनी बटण दाबलं, चटणीची पुडी परत आत कोंबली आणि घाईघाईनं चेन अशी ओढली की रनर निघून हातातच आला. पोलीसबाईला चटणीनं तीन शिंका आल्या. तिनं चार गोष्टी कडक सुनावल्या, नाव विचारलं, लिहून काही घेतलं नाही, आणि सोडून दिलं.

होडी गेली ती गेलीच. बसनं परत निघालो. मी मांडीवर तोंड वासून पडले होते.

घरी आल्यावर बाळासाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अस्मिता, टाक ती बॅग."

त्यांनीच म्हणलं. मी कितीदा तो "हं" उलटापालटा करून पाहिला होता, आणि उत्तर हे निघालं.

जयंतीबाई गुडघा चोळत होत्या. फणकारल्या, "जागा धरायची खोड टाका आधी. बॅगेनं काय केलंय?" पण त्यांचं कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मितानं मला उचललं आणि कंटेनरपाशी नेलं. झाकण उघडून मला कोंबायला लागली. तोंड केवढंसं! मी काही मावेना. तिनं गुडघ्यानं रेटलं, बंद दुमडले, पुन्हा रेटलं. मी मुद्दाम काही केलं नाही, देवाशप्पथ, पण अंग चोरलंही नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण होती, नीलांबरी. अस्मिता मला खाली ठेवून तिथंच फुटपाथवर बसली.

"हो गं, काल फार तमाशा झाला… नाही, त्यांना कोणी काही केलं नाही. मीच केलं." मग म्हणाली, "नीलांबरी, मी आप्पांना म्हणाले, आपली नाही ती. सगळ्यांसमोर. आणि ते एकटे आत गेले गं, हात वर करून. माझा बाप. आणि मी पट्टीबाहेर उभी."

बराच वेळ ती रडली. नाक पुसायला काही नव्हतं, तर माझ्यातला स्वेटर काढला. मग उठली, मला सायकलला अडकवलं आणि थेट गावातल्या चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडं नेलं. त्यानं चेन पाहिली, शिलाई पाहिली, शिलाईवर अंगठा फिरवला आणि मान हलवली. अस्मिताच्या हातात चिठ्ठी दिली. शनिवार, दुपारी.

शनिवार! शनिवारीच तर विमान.

तीन दिवस मी फळीवर होते. नवी चेन दुसऱ्याच दिवशी लागली, पण जिवाला चैन कुठलं! माझ्या शेजारी एक बुटांचा जोड होता, पॉलिश केलेला, झकास. त्यावरच्या चिठ्ठीचा रंग उडाला होता. पलीकडं एक छत्री, तीही तशीच. दुरुस्त होऊन बसलेली, न्यायला कोणी नाही. दार वाजलं की आम्ही तिघं कान टवकारायचो. शनिवारी बारा वाजले. एक वाजला. दोन वाजता म्हातारा दुकान आवरायला लागला. वरून एक विमान गेलं, आणि मी म्हणलं, संपलं.

दार वाजलं. बाळासाहेब होते. एकटेच आले होते, घामाघूम. अस्मिताजवळची चिठ्ठी पुढं केली. म्हाताऱ्यानं मला काउंटरवर ठेवलं. त्यांनी चेन उघडली, लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. चार वेळा. मग मला काखेत मारलं आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "चल. आणि पुन्हा हरवू नको."

मी हरवले होते म्हणे!

मित्रांनो, माणसांना राग येईल, पण सांगते. वस्तू हरवत नसते. ती ठेवली तिथंच असते, उन्हात, फळीवर, लोकांच्या मधोमध, कुठंही. तुम्ही आम्हाला ठेवून जाता, त्याचं काही नाही. कामं असतात तुम्हाला. फक्त परत या. कोणी विचारलं, ही कुणाची, तर लाजू नका. दार बंद व्हायच्या आत आलात तरी पुष्कळ झालं.