पाचपैकी पाच

सन बासष्टात मी दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर न्याय मोजायला गेलो होतो. हसू नका, पगार त्याचाच मिळायचा. नागपूरहून आलेल्या साहेबांना, लोकांना आपल्या पंचायतीचा कारभार कितपत न्यायाचा वाटतो, ते आकड्यांत हवं होतं. अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी त्यांनी युक्ती काढली. घरोघरी एक रिकामी वाटी आणि ज्वारीचे पाच दाणे द्यायचे. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, पुरा न्याय करते असं वाटलं तर पाचही दाणे वाटीत टाकायचे. मुळीच करत नाही वाटलं तर एकही नाही. मी तांड्यातच वाढलेला, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

सुखीबाई विधवा. नवरा गेल्यावर नसाबीनं तिचं चार एकर वावर दिराला देऊन टाकलं. नसाबीत बाईमाणूस बसत नाही, तेव्हा तिचं ऐकतो कोण? वावर परत मिळावं म्हणून तिनं तहसील कचेरीत अर्ज केला होता. हे सगळं तिनं दारातच सांगितलं, नसाबीच्या प्रमुखाला, नायकाला, चार शिव्या हासडल्या आणि पाचही दाणे टाकून वाटी माझ्या हातात दिली.

एवढं झाल्यावरही तुझे पाच कसे, मी विचारलं.

"पाव्हण्याची वाटी रिकामी वापस देते काय कोणी, भिया?"

माझी आईसुद्धा कोणाचं भांडं रिकामं परत करत नसे. सगळ्या तांड्यानं हेच केलं होतं, आणि मला ते तिसऱ्याच घरी कळलं होतं. साहेबांना सांगितलं असतं तर महिन्याची मेहनत पाण्यात गेली असती, आणि मी तर नोकरीत कायम व्हायची वाट पाहत होतो. मी तिच्या नावापुढे पाच लिहिले. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, हे आज सांगताना मात्र लाज वाटते.

दिवाळीनंतर सुखीबाई एक कागद घेऊन आमच्या ऑफिसात आली. वाचून दाखव म्हणाली. कचेरीनं अर्ज फेटाळला होता. कारण असं, की आमच्या पाहणीत खुद्द अर्जदार बाईनं नसाबीच्या न्यायावर पूर्ण विश्वास दाखवला होता.

"म्हंजे माह्यं वावर माह्याच हातानं गेलं?"

मी तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलावर साहेब बसले होते.

"हो बाई," मी म्हणालो. "तूच तसं सांगतलं होतं."

तिनं कागदाची घडी घातली. तुले उगाच तरास देला म्हणाली, आणि माझीच माफी मागून गेली.