वरून तिसरा पाटा

मी पाटा बोलतोय. मिरची वाटायचा नव्हे, जीपचा. मागच्या डाव्या चाकावर पाट्यांची जी चळत असते ना, तिच्यातला वरून तिसरा. माझ्या डोक्यावर दोन, खाली चार. पोटातून एक बोल्ट आरपार गेलेला आणि सगळ्यांना मिळून दोन जाडजूड यू-बोल्टांनी आवळलेलं. नुसतं अंग चोरायचं म्हटलं तरी सहा शेजाऱ्यांना विचारावं लागतं. तेव्हा स्वभाव जरा तिरसट वाटला तर मनावर घेऊ नका.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही. लालभडक भट्टी आठवते, आणि तेलात मारलेली बुडी. जगात आलो तो वाकूनच. आमच्या जातीत सरळ होणं म्हणजे निकामी होणं. पहिली नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या डिलिव्हरी गाडीखाली केली. खोकी वाहिली, खड्डे खाल्ले. गाडी मोडीत निघाली आणि मी उल्हासनगरला टेकचंद शेठच्या गॅरेजमागच्या ढिगात येऊन पडलो. लोकांना तो ढीग भंगार वाटायचा. मला विचाराल तर तिथेच मी काय तो मोकळा होतो. पाठीला ऊन लागायचं, पोटाला वारा लागायचा. पाऊस अंगावर घेतला, गंज चढला, पण कुणी दाबून धरलेलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली, भाताची झोडणी उरकायच्या सुमाराला, तिथे एक जीप आली. चालवणारा कुळगावचा आनंदा, शेजारी त्याची बायको विठा. जीपमागे दोन चाकांची ट्रॉली होती आणि ट्रॉलीवर डिझेल इंजिन नि भात भरडायची गिरणी बसवलेली. सुगी झाली की हे नवरा-बायको ती गिरणी घेऊन बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर फिरत. गिरणी पाड्यावर आली की बायकांना उखळापासून सुटी मिळे. इंजिनाला हँडल मारायचं काम आनंदाचं. बाकी सगळी गिरणी विठाची. आवाजावरून तिला कळायचं, दाणा अख्खा पडतोय की तुटतोय.

अडचण एकच होती. सगळ्यात वरच्या पाड्याच्या अलीकडे एक ओहोळ होता, मोठमोठ्या धोंड्यांचा. जीपचं पोट त्यांवर घासायचं. मागे गिरणीचं ओझं असल्यानं बूड आणखी खाली बसलेलं. मागच्या वर्षी आनंदा ओहोळापासून परतला होता आणि वरच्या बायकांनी भाताची ओझी डोक्यावर घेऊन खालपर्यंत पायपीट केली होती.

"गाडी उंच करायची ना साईं? तीन तरीके हैं," टेकचंद शेठ हात पुसत म्हणाला. "पैला, ये लांब शॅकल, पाटा लटकवायची कडी. पाट्याच्या टोकाला लावला की गाडी वर. शामपर्यंत घरी जा."

"मग लाव की तोच."

"लेकिन ट्रॉली है ना तेरी. डोलेगी. वळणावर शेपूट मारेगी."

"दुसरा?"

"दुसरा, गुटका. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडाचा ठोकळा. सबसे उंच तोच होतो. पण चढावाला ओझं खेचताना पिळला ना, तो सरकून बाहेर येईल."

आनंदाचे डोळे गुटक्यावर खिळले. त्याच्या ओळखीच्या किसनची जीप गुटक्यानंच उंच झाली होती आणि बाजारात लोक वळून वळून बघायचे. पुरुष माणसाला गाडी किती उंच पाहिजे, याचं उत्तर शेजाऱ्याच्या गाडीकडे बघून ठरतं, हे मी त्या गॅरेजात शिकलो.

"आणि तिसरा, जादा पाटा. हर साइड में एक. गाडी कडक होईल, कंबरेचं काही सांगू शकत नाही. पण ओझं धरेल."

विठा स्टुलावर बसली होती, मांडीवर गिरणीचा नवा पट्टा घेऊन. ती म्हणाली, "ट्रॉली डोलली तर इंजिनाची बैठक हलते, आणि पट्टा उतरतो. गुटका सरकला तर गिरणीच ओहोळात. अहो, पाटाच घाला."

एवढं बोलून ती उठली, ढिगापाशी आली आणि पान्यानं एकेका पाट्यावर टकटक करत ऐकू लागली. माझ्यावर पाना वाजला. तिनं पुन्हा वाजवला. "हा घ्या. आणि याच्याच गाडीचा दुसरा असेल तर तोही." असा मी निवडला गेलो. खोटं कशाला बोलू, त्या वेळी छाती फुगली होती.

मग शेठच्या माणसांनी मला घणानं ठोकून माझी कमान वाढवली, बाकीच्यांत कोंबलं आणि यू-बोल्ट आवळले. माझ्या भावाला उजव्या चाकावर चढवलं. पुढच्या चाकांवरही एकेक पातळ पाटा गेला. जीप उंच झाली, तसा मागचा हूकही उंच झाला आणि ट्रॉलीची दांडी वर जाऊन गिरणी मागे कलली. शेठनं हूकची पट्टी उलटी करून खाली घेतली. ट्रॉली पुन्हा सपाट उभी राहिली. धोंडा किती उंच, हूक किती खाली, चाक कुठे घासतंय, सगळी मापं झाली. विठा जीपमध्ये चढणार कशी, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुद्द विठाच्याही नाही. तीही गिरणीचाच विचार करत होती.

घरी निघताना तिनं सवयीनं पाय उचलला. पाय पोचेना. विठा अंगानं ठेंगणी. नऊवारी लुगड्यात पाय उचलायचा तरी किती! गॅरेजातली माणसं बघायला लागली तशी तिनं पदर सावरून पाय खाली घेतला.

"पायदान लगा दूं?" शेठनं विचारलं.

"खाली लोंबेल ते," आनंदा म्हणाला. "परत धोंड्याला अडकणार. मग उंच केली कशाला?"

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. शेठनं एक रिकामं लाकडी खोकं दिलं. त्यावर पाय ठेवून विठा चढली. शेठनं ते उचलून आत दिलं, आणि घर येईपर्यंत तिनं ते मांडीवर धरून ठेवलं.

तरी पहिली फेरी झकास झाली. ओहोळातले धोंडे जीपच्या पोटाखालून गेले, ट्रॉली सरळ मागे आली. पाड्यावरची धोंडी नावाची बाई हाळी देत धावत आली. "बाय आली गो! गिरनी आली!" गिरणी सुरू झाली आणि त्या आवाजाच्याही वर विठाचं हसणं ऐकू येऊ लागलं. माझ्या वरचा म्हातारा पाटा म्हणाला, "ऐकून घे. घरी ही असं हसत नाही." खरंच होतं. कुळगावच्या घरात थोरले दीर, जाऊबाई, आल्यागेल्याचा राबता. विठा तिथे बोलायची ती भांड्यांच्या आवाजात मिसळेल एवढंच. वर्षातून हे चार दिवस पाड्यांवर तिचा आवाज मोकळा व्हायचा. बंदिस्त असणं काय असतं ते मला नव्यानं कळत होतं, म्हणूनही असेल, ते हसणं मला फार आवडलं.

मग तो दिवस उजाडला. जीप दारात, ट्रॉली जोडलेली, आनंदाला घाई. खोकं कुठे सापडेना. थोरले दीर ओट्यावर बसलेले, रस्त्यावर दोनचार माणसं. विठा डोक्यावरचा पदर पुढे ओढून जीपपाशी उभी. आनंदानं इकडेतिकडे पाहिलं, "चल गो, उशीर होतो," म्हणाला आणि दोन्ही काखांत हात घालून तिला उचलून आत बसवलं. भाताचं पोतं ठेवावं तसं.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रस्त्यावर कुणीतरी हसलं. थोरल्या दिरांनी मान फिरवली. ते मान फिरवणंच विठाला लागलं असावं. ती दुसऱ्या बाजूनं धडपडत उतरली आणि घरात गेली.

"अगं, काय झालं एवढं?"

"तुम्हीच जा," आतून आवाज आला.

त्यानंतर ती कधी आली नाही. आनंदानं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. गिरणीवर पुतण्या बुधाजी यायला लागला. बुधाजी गडी कष्टाळू, पण गिरणीचा आवाज त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून जायचा. तांदळात कणी वाढली.

"दादा, बाय कुठं हाय?" धोंडी विचारायची. "ह्यो तुजा तांदूल हाय का भुगा?"

"तिला चढता येत नाय जीपत," आनंदा एकदा बोलून गेला.

पुढच्या वर्षी आम्ही वर गेलो तर पाड्याच्या तोंडाशी, जीप थांबायची तिथेच, दगडांचा एक ओटा रचलेला. दोन पायऱ्या, वर सपाट फरशी. धोंडी त्यावर उभी राहिली तर तिचे पाय जीपच्या तळाला आले.

"सगल्या बायांनी मिलून रचला," ती म्हणाली. "तिकडं तुज्या घराला ओटा हायच, त्याला गाडी टेकव. हितं ह्यो हाय. घेऊन ये तिला. सांगशील ना?"

"सांगतो की," आनंदा म्हणाला.

सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर मी कान देऊन होतो. घराशी जीप थांबली, विठा दारात आली, "झालं का सगळं नीट?" म्हणाली. "झालं," हा म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. दर वर्षी धोंडी विचारायची, "सांगितलंस का?" दर वर्षी हा म्हणायचा, "सांगतो." एकदा येता येता बुधाजीजवळ पुटपुटला, "सांगितलं तर परत थोरल्यासमोर तमाशा. चाललंय ते बरं चाललंय."

तो निरोप मी इतक्या वेळा डोंगर उतरून दारापर्यंत आणला, की शेवटी मला त्याचंच ओझं गिरणीपेक्षा जास्त वाटायला लागलं. विठा चार हातांवर उभी असायची. मला काय करता येणार होतं? करकरायचो. आनंदा म्हणायचा, पाट्यांना ग्रीस पाहिजे. ग्रीस मारायचा आणि माझा आवाज बंद व्हायचा. लोक म्हणतील, तुझ्यामुळेच ती घरात अडकली. मी हा दोष घेणार नाही. मला ठोकलं तसा वाकलो, दाबलं तिथे राहिलो. तोंड ज्याला होतं त्यानं ते वापरलं नाही.

पुढे वरच्या पाड्यापर्यंत वीज पोचली, तिथेच कुणीतरी गिरणी टाकली. आमच्या फेऱ्या संपल्या. आनंदाची गिरणी विकली गेली. जवळच खरवईला आनंदाचं शेत होतं, त्यावर इमारती उठल्या, बदल्यात आनंदाला तळमजल्याचं घर मिळालं. जीप मागच्या कोपऱ्यात लावली. आधी एका बाजूनं सोसायटीची भिंत आली, मग दुसरीकडून शेजारच्या बिल्डरची. गाडी आत आहे हे ध्यानात आलं तेव्हा माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी फट उरली होती. "बघू, काढू कधीतरी," आनंदा म्हणाला. मी आवळलेलो पाट्यांत, आणि पाटे ज्या जीपखाली ती भिंतींत.

टायर बसले. पावसाळ्यांनी चाकं मातीत रुतवली. जीप खाली खाली येत गेली. आणि एका दुपारी माझ्यावर ओळखीचं वजन आलं. विठा सुपात तांदूळ घेऊन जीपमध्ये येऊन बसली होती. आता तिला काहीही लागलं नाही, नुसता पाय उचलला आणि चढली. मग रोज यायला लागली. तांदूळ निवडायची, समोरच्या भिंतीकडे बघायची. अशा बसण्याला काय म्हणावं मला कळत नाही. मला रडू येत असतं तर मी रडलो असतो.

परवा त्या फटीतून एक म्हातारी डोकावली. डोक्यावर बोचकं. शेजारच्या बांधकामावर विटा वाहायला आलेली.

"बाय, तू विठा कना? गिरनीवाली?"

"धोंडी? अगो, किती वाळलीस!"

"काम संपला, घरा निंगालंय." धोंडी आत आली. "तू काय परत आलीस नाय. आमी वाट बगली. तुज्यासाठी वटा रचला व्हता."

"कसला ओटा?"

"जीपत चढाया! दगडी डोकीवर आनली सगल्या बायांनी. दादाला दर साली सांगलं, घेऊन ये तिला. त्यानं तुला सांगलं नाय?"

सुपातले दाणे निवडायचे थांबले.

"अजून आहे?" विठानं विचारलं.

"हाय तर. त्याला काय व्हतंय."

विठानं सूप सीटवर ठेवलं. "थांब गो. मी येते तुझ्याबरोबर." मग घराच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, मी धोंडीच्या पाड्यावर चाललेय. रात्री तिथंच राहीन. भात झाकून ठेवलाय."

आनंदा खिडकीत आला. धोंडीला बघून त्याचा चेहरा उतरला असणार, कारण आवाज उतरला होता. "आत्ता? कशानं जाणार?"

"एसटीनं. पुढं चालत."

"त्या ओट्याचं... सांगायचं राहून गेलं गो."

"राहिलं ना," विठा म्हणाली. "आता राहू दे."

ती उतरली. तिच्या वजनाएवढा मी वर आलो. दोघी एकामागून एक त्या फटीतून अंग तिरकं करून बाहेर पडल्या. पलीकडच्या गल्लीतून हसण्याचा आवाज आला. मी ओळखला.

गाडी उंच करायची असेल तर जरूर करा. मागे ओझं ओढायचं असेल तर पाटाच घाला, विठाची निवड चुकली नव्हती. फक्त बोल्ट आवळण्याआधी त्या गाडीत रोज बसणाऱ्या माणसाला एकदा चढवून बघा. आणि कधी खरवईत आलात, त्या फटीतून आत शिरलात, तर माझ्या यू-बोल्टांवर थोडं तेल सोडा आणि पाना लावून बघा. गंजलेत, एका हिसक्यात सुटायचे नाहीत, पण जोर लावा. मला विठासारखं उतरून चालू लागता येत नाही.