तीन सारख्या रेघा

"गालांनी नको फुंकूस. छातीतून फुंक."

"चौदा वर्षं चौकात शिट्टी फुंकतोय, ताई. तू मला शिकव आता!"

माझा धाकटा भाऊ वाहतूक पोलीस आहे आणि मी फुप्फुसांची तपासणी करते. त्याच्या खात्यातल्या लोकांची वार्षिक तपासणी आमच्याच दवाखान्यात होते. आज वर येताना तो जिन्यात मध्येच थांबलेला मला दिसला. विचारलं, तर म्हणाला, बुटाची नाडी सुटली होती. त्याच्या बुटांना चेन आहे.

मी त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. "खोल श्वास घे... सोड! जोरात, अजून, अजून, थांबू नकोस!" हे मी दिवसातून तीसेक वेळा ओरडते. शेजारची नर्स म्हणते, तुझ्या खोलीत रस्सीखेच चालते.

पडद्यावरची रेघ वर चढली आणि उतरताना मध्येच खचली. शिट्टीवाले सुरुवातीला गाल फुगवतात, म्हणून पहिली फुंकर मी सोडून दिली. दुसरीही तशीच आली. मग यंत्रावर संशय घेतला. तीन लिटरच्या पंपाने त्यात हवा ढकलली. यंत्राने बरोबर तीन लिटर दाखवले. नळी बदलून स्वतः फुंकून पाहिलं. माझी रेघ धडधाकट होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

आणखी दोनदा फुंकायला लावलं. पहिली सोडून उरलेल्या तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

"तुझी फुप्फुसं साठीच्या माणसासारखी चालतायत," मी म्हटलं. तो एकोणचाळीसचा आहे.

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा मोठा झालो. आता मला अहो-जाहो कर."

मला हसू आलं नाही. "मास्क दिले होते ना तुम्हाला?"

"मास्क लावला तर शिट्टी कुठे लावू, कानात?"

त्याने कधी सिगारेट ओढलेली नाही. त्याच्या चौकात बस आणि ट्रक इंजिन चालू ठेवूनच उभे राहतात आणि हा त्यांच्या मधोमध. प्रत्येक शिट्टीआधी खोल श्वास घ्यावा लागतो. दिवसभर लोकांना तोच घ्यायला सांगणाऱ्या मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

तो खुर्ची पुढे ओढून बसला. "हे वरच्या साहेबांकडे गेलं की मला टेबलाच्या कामाला बसवतील. चौकात शाळेची पोरं मला नावानिशी हाक मारतात गं. तुझ्या फॉर्मवर तो एक रकाना असतो ना, माणसाने नीट फुंकलं नाही असं लिहायचा? तेवढं लिही. सहा महिन्यांनी परत येतो."

असा रकाना आहे. त्यात 'प्रयत्न अपुरा' लिहिलं की तपासणी रद्द होते आणि कोणी काही विचारत नाही.

"सहा महिन्यांत किती शिट्ट्या होतात?" मी विचारलं.

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला आणि मध्येच थांबला.

मी लिहिलं : 'प्रयत्न पूर्ण. तिन्ही नोंदी जुळतात.' आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला.

"माझ्या प्रगतिपुस्तकात असं कधी आलं नव्हतं," तो म्हणाला. मग टोपी उचलून डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या रांगेत जाऊन बसला.