तोंडं पुसलेला रस्ता

मंचरच्या संपत पेंटरला एकाच गोष्टीचा गर्व होता. तोंड काढावं तर त्यानंच! पण पोटासाठी सगळी उमर गेली दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. म्हणून शहाण्णव साली कापडवाल्या मदनलालशेटनी नव्या दुकानाची अख्खी भिंत दिली, तेव्हा गडी हरखून गेला.

"हे काढ. हुबेहूब," म्हणत शेटनी एक विलायती कॅलेंडर पुढ्यात टाकलं. कुठल्याशा शहरातला रस्ता. घोडागाड्या, छत्र्या, माणसांची ही झुंबड! पण जवळून बघावं तर एकाला नाक असेल तर शपथ. नुसते रंगाचे फटकारे.

"छपाई बिघडली आसंल," संपत मनाशी म्हणाला. "न्हाईतर ह्या साहेबाला तोंडंच जमत नसत्याल."

मग काय, पंधरा दिवस राबून त्यानं रस्ता काढला आणि शेवटच्या दोन दिवसांत साहेबाची चूक दुरुस्त केली. प्रत्येकाला नाक, डोळे, मिशा. एवढी तोंडं आणायची कुठून? बाजारातली ओळखीची घेतली.

बाजाराच्या दिवशी महाळुंगे पडवळची गोजरबाई भिंतीपुढं थबकली. उंच काळ्या टोपीखाली तिचा नवरा गेणू, आणि त्याला खेटून एक छत्रीवाली मड्डम!

"ही कोण भवानी?" तिनं असा आवाज लावला की एस्टी स्टँडवरची माणसं धावत आली.

"मावशी, चित्र हाय ते," संपत काकुळतीला आला.

"चित्र व्हय? मग तुझ्या बायकूला काढ की दुसऱ्याबरुबर!"

शेट घाबरले. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सगळ्या बायाच. "संध्याकाळपर्यंत तोंडं घालव, नाहीतर अख्ख्या भिंतीला चुना," असं सांगून त्यांनी चुन्याची बादली बाहेर आणूनसुद्धा ठेवली.

जन्मात एक चित्र मिळालं होतं! रॉकेलच्या फडक्यानं त्यानं एकेक तोंड पुसलं आणि रडवेला होऊन समोरच्या पानटपरीशी जाऊन उभा राहिला. मान वर करून बघतो तर काय, भिंतीवरचा रस्ता चालायला लागलेला. माणसं एकमेकांना ढकलत होती, गाड्या वाट काढत होत्या. आयला! साहेबाला सगळं जमत होतं, आपल्यालाच ते दिसत नव्हतं. संपतला स्वतःची भारी लाज वाटली.

तेवढ्यात गोजरबाई खात्री करायला परत आली.

"बघा मावशी, आता कुणीच न्हाई त्यात."

ती चार पावलं मागं सरली. "तोंड पुसलंस, पर चाल कुठं पुसलीस? मान खाली, हात मागं, जगाची फिकीर न्हाई. आता तर लईच आमचा दिसतुया."

शेटनी बादलीला हात घातला. पण गोजरबाईनंच त्यांना अडवलं.

"थांबा की शेट! त्याच्या मागनं ती पिशवी घिऊन कोण येतंय?"

कुणीच येत नव्हतं. तपकिरी रंगाचे दोन फटकारे होते ते.

"ती मी," गोजरबाई म्हणाली. "चाळीस वर्सं अशीच चाललीय."

"आणि ती छत्रीवाली?" शेटनी भीत भीत विचारलं.

"तिच्याकडं बघतोय कुठं त्यो? तिलाबी त्याच्यात काय घावायचं न्हाई." गोजरबाईनं पदर खोचला. "संपत, तेवढी पिशवी जरा जड कर रं. पुढच्या बाजारी त्याला आणून हितं उभा करते."