सहावा ट्रॅक

“यात कुत्र्याचंसुद्धा नाव आहे,” ग्लिनिस म्हणाली.

“बार्नी व्हॅनमधून आपल्याबरोबर गावोगाव फिरला गं. लोकांना आवडतं असलं काही.” रसेल शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत स्टुलावर बसून चहा पीत होता. ग्लिनिस तिथे मदतनीस होती.

पुस्तिकेचा नमुना तिनं पुन्हा चाळला. त्यांच्या ‘मिल्क कॉमेट्स’ या बँडची निवडक गाणी तीस वर्षांनी एकत्र निघत होती. चौघांचा जुना फोटो तिच्या ऑर्गनपाशी कापलेला होता. ग्लिनिसचं उरलं होतं ते एक कोपर.

“माझं नाव घाल, रसेल. बाकी काही नको.”

“छपाईला गेलं सगळं.”

“हा नमुना आहे. मागे लिहिलंय, दुरुस्त्या महिनाअखेरपर्यंत.”

रसेलनं कप खाली ठेवला. “हे बघ ग्लिन, आपल्या गाण्यांतला तो घुमणारा सूर माझ्या गिटारचा, असं मी मुलाखतींतून सांगत आलोय. आता कुठे उकरत बसू? आणि खरं सांगू का, तू ऑर्गनची एकच तर पट्टी दाबून बसायचीस. वीट ठेवली असती तरी चाललं असतं.”

तो स्वतःच हसला. ग्लिनिसनंही थोडं हसून दाखवलं.

“आपल्या रेकॉर्डिंगच्या जुन्या टेप हव्यात ना तुला?” ती म्हणाली. “त्या माझ्याकडेच आहेत.”

“म्हणून तर आलोय, राणी. ते लांबलचक गाणं कुणी ऐकलेलंच नाही. संच खपणार तो त्याच्यावर. तेवढं टेपवरून उतरवून दे.”

“देते.”

जुन्या टेपवरचा थर दमटपणानं चिकट होतो. तशीच यंत्रावर चढवली तर सोलून निघतो. मंद उष्णतेत ठेवली, की काही दिवस वाजण्यापुरती सुधारते. शनिवारी प्रयोगशाळेतल्या काचेची भांडी वाळवायच्या ओव्हनमध्ये ग्लिनिसनं टेप ठेवली, मधूनमधून उलटली, थंड होऊ दिली आणि घरी नेली.

आठ ट्रॅकचं, प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा ठेवणारं यंत्र तिच्या घरी मागच्या खोलीत होतं. तिनं आधी सहावा ट्रॅक एकटाच ऐकला. ऑर्गन. सूर एकच होता, पण रसेलचा आवाज उतरायला लागला की तो किंचित वर उचलला जाई आणि आवाजाला हात देई. विटेला हे जमलं नसतं. मध्येच कुणीतरी खुदकन हसलं होतं. ती स्वतःच. तेवीस वर्षांची.

तिनं टेप मागे घेतली. सहाव्या ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि वायर कशालाच जोडली नाही.

ट्रॅक असा पुसायला गाण्याइतकाच वेळ लागतो. ती यंत्रासमोर पाठ ताठ ठेवून बसून राहिली. यंत्रावरचे सात ट्रॅकचे काटे नाचत होते, एक आडवा पडला होता. हसण्याची जागा आली तेव्हा तिचा हात बटणाकडे गेला. तिथेच थांबला. जागा निघून गेली.

मग तिनं आठही ट्रॅक नीट, स्वच्छ उतरवले आणि पाठवून दिले.

बुधवारी मधल्या सुट्टीत फोन आला.

“सहाव्यावर काहीच नाही.”

“त्यावर माझं होतं. ते मी घेतलं.”

“तू वेडी आहेस का? मी केवढा बेसूर वाटतोय, ऐकलंस तरी?”

“ऐकलं.”

“आम्ही दुसरा ऑर्गन लावून पाहिला. बसत नाही. ऐक.” त्यानं गाणं लावलं. त्याचा तरुण आवाज एकटाच वर चढला, घसरला, पुन्हा चढला. अंधारात जिना चाचपडणाऱ्यासारखा. ग्लिनिसनं मध्ये फोन ठेवला नाही. शेवटपर्यंत ऐकला.

“नाव घालतो,” रसेल म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “पहिल्या पानावर घालतो. तू परत वाजव.”

“ऑर्गन कधीच विकला.”

“मग सूर कोणता होता, कुठे वर न्यायचीस, एवढं तरी सांग, ग्लिन.”

तिला प्रत्येक जागा पाठ होती.

“आठवत नाही रे,” ती सौम्यपणे म्हणाली.

पुढच्या तासाची मुलं दाराबाहेर गोळा होत होती. तिनं फोन ठेवला, ओले चंबू एकेक करून पुसले आणि तोंडं खाली करून ओळीनं मांडले.