छातीवर तीन धक्के

माझा पोरगा प्येरिन हात उचलण्याआधी दार लावून घेतो, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. त्याचा बापही मारायचा, पण अंगणात, चारचौघांदेखत. याला लोकांची भीती आहे, आईची नाही. या वर्षात तीनदा ढकललं मला त्याने. एकदा चुलीवर, एकदा जिन्यावरून, एकदा भिंतीवर. मनगट मोडलं, दोन दात गेले. दवाखान्यात दरवेळी तोच सांगायचा, "म्हातारी पडली." मीही मान हलवायचे. घरातली गोष्ट मी कधी बाहेर नेली नाही.

त्याला घर हवं होतं. डोंगर बघायला येणाऱ्या परक्यांसाठी त्याला इथे खोल्या काढायच्या होत्या आणि मला खाली श्कोदर शहरातल्या वृद्धाश्रमात टाकायचं होतं. त्यासाठी कागद लागतो, की बाई सारखी पडते, एकटी राहू शकत नाही.

पहिला आला तो शहरातला डॉक्टर, कोवळा पोरगा. हातात घड्याळ. म्हणाला, "खुर्चीवरून उठा, तीन मीटर चाला, वळा आणि परत येऊन बसा." उठले, चालले, वळले. पण तो उभाच! पाहुणा उभा असताना घरची बाई बसते होय? मी म्हटलं, "तुम्ही आधी." तो म्हणाला, "आजी, बसा ना." मी म्हटलं, "छे, तुम्ही." तिकडे घड्याळ चालूच. शेवटी त्याने लिहिलं, आधाराशिवाय बसता येत नाही, सांगितलेलं समजत नाही.

"बघा, डोकंही गेलंय हिचं," प्येरिन म्हणाला. खूश होता मेला.

पण दुसऱ्या तपासणीशिवाय वृद्धाश्रम घेत नाही. म्हणून गुरुवारी नर्स वितोरे आली. ती आमच्याच डोंगरातली. तिने बूट काढले, कॉफी प्यायली, राकी दारूचा पेला ओठाला लावला आणि मग खुर्चीत बसूनच घड्याळ काढलं.

"पाश्का मावशी, मी बसलेय हं. आता तुम्ही बसलात तरी कुणी नावं ठेवणार नाही."

उठून, चालून, परत बसायला अकरा सेकंद लागले मला. तिने एका पायावर उभं केलं, डोळे मिटून उभं केलं. मी हलले नाही. प्येरिन कोपऱ्यात नखं कुरतडत होता.

मग ती उठून समोर आली. "आता छातीवर तीन हलके धक्के देते. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

तिने हात वर केला मात्र, माझं अंग माझं राहिलं नाही. हनुवटी छातीत गेली, दोन्ही कोपरं तोंडापुढे आली, खांदा भिंतीला टेकला. तिने अजून बोटही लावलं नव्हतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तोल गेलेलं माणूस काहीतरी धरायला बघतं. तुम्ही तोंड झाकलंत. कोण मारतं तुम्हाला?"

मी कोपरं खाली घेतली. तिने एकदा प्येरिनकडे पाहिलं आणि लिहायला लागली.

"काय लिहितेस गं?" प्येरिनने विचारलं.

"पाहिलं ते."

"फाड तो कागद."

"फाडणार नाही. तुझ्या आईचे पाय माझ्यापेक्षा भक्कम आहेत."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या काठावर आपटलं. भुवई फुटली. ती खाली कोसळली, तरी कागद मुठीत घट्ट. तो मुठीवर पाय द्यायला लागला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

चुलीतला लोखंडी चिमटा कधी हातात आला कळलं नाही. पहिला घाव त्याच्या दंडावर घातला. दुसरा गुडघ्यावर. तो आडवा झाला, तरी तिसरा घातला. माझे पाय जागचे सरकले नाहीत.

"आई!" तो किंचाळला. "मी तुझा पोरगा आहे!"

वितोरे उठून बसली होती. तिच्या भुवईला मी माझा डोक्याचा रुमाल दाबून धरला आणि त्याच्याकडे वळले.

"मला मारलंस ते मी गिळलं, कारण मी तुझी आई होते. ही माझ्या हातची कॉफी प्यायलेली बाई, माझी पाहुणी. हिचं रक्त तू माझ्या घरात सांडलंस. पोलिसांना ही जे सांगेल, त्यातला एक शब्दही मी खोटा पाडणार नाही. या घरात तुला आता भाकर नाही, पाणी नाही, आणि माझ्या शवपेटीला तू हात लावायचा नाहीस. चालता येत नसेल तर रांगत जा, पण जा."